दहा हजारांच्या रेषेखालील भाषा

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी जनगणना २०२७ची अधिसूचना काढली आणि देशभर चर्चा सुरू झाली ती मुख्यतः जातींच्या नोंदीची. त्या चर्चेत जनगणनेतील एक जुना रकाना फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. तो रकाना मातृभाषेचा. प्रगणक दारात येतो, आपण भाषेचे नाव सांगतो, तो ते लिहून घेतो. त्या नावाचे पुढे काय होते, याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून मोठा आहे. भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण म्हणून तो वाचला पाहिजे.

२०११च्या जनगणनेत नागरिकांनी मातृभाषा म्हणून एकूण १९,५६९ नावे सांगितली. स्थळांची, जातींची, व्यवसायांची नावे, एकाच भाषेची निरनिराळी रूपे, लेखनातील फरक, असे सारे त्यात मिसळलेले होते. भाषाशास्त्रीय छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. त्यांचे गट बांधून, दहा हजार किंवा त्याहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २२ संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील आणि ९९ अनुसूचीबाहेरच्या. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा ‘इतर’ या एका शब्दात सामावल्या.

ही रेषा कोठून आली? १९६१च्या जनगणनेने मातृभाषांची १,६५२ नावे प्रसिद्ध केली होती. त्या यादीत पुनरुक्ती होती, परदेशी भाषा होत्या, शंकास्पद नोंदीही होत्या. परंतु लहानातल्या लहान भाषेचे नाव शोधून काढता येईल, अशी ती यादी होती. १९७१पासून दहा हजारांची मर्यादा लागू झाली. प्रशासनाच्या दृष्टीने त्यामागे तर्क होता. हजारो नावांची तक्ते भरून काढलेली यादी शाळा, न्यायालये वा कार्यालये चालवण्यास उपयोगी नसते. प्रश्न आहे तो विज्ञानाचा. या रेषेखाली नेमके काय राहते?

त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८८६ साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या परिषद भरली. तिने हिंदुस्थान सरकारला विनंती केली की, देशातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी. या मागणीचे प्रमुख प्रवर्तक होते जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन. डब्लिनजवळ १८५१ मध्ये जन्मलेले, बिहारमध्ये सनदी अधिकारी म्हणून काम केलेले आणि तेथील शेतकऱ्यांच्या बोलीचा बारकाईने अभ्यास केलेले हे गृहस्थ. १८९४ मध्ये पाहणीच्या कामाला प्रारंभ झाला आणि १९०३ ते १९२८ या काळात तिचे ११ खंड प्रसिद्ध झाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली, ही त्या पाहणीची अखेरची बेरीज.

पाहणीची पद्धत साधी होती आणि म्हणूनच प्रभावी ठरली. प्रत्येक भाषेचे तीन नमुने मागवले जात. पहिला, बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचा अनुवाद. दुसरा, त्या भाषेतील एखादी स्थानिक गोष्ट वा गीत. तिसरा, ठरावीक शब्द आणि वाक्ये यांची यादी. सर्वांना एकच कथा दिल्यामुळे भाषांची तुलना शक्य झाली.

त्या कथेतील एकच प्रसंग पाहा. हरवलेला मुलगा घरी परतल्यावर बाप नोकरांना म्हणतो की, आता मेजवानी करू आणि आनंद करू. हे वाक्य बोलणारा ‘आम्ही’ म्हणेल की ‘आपण’? मराठी माणूस क्षणाचाही विचार न करता ‘आपण’ म्हणेल, कारण ऐकणारे नोकरही त्या आनंदात सामील आहेत. ‘आम्ही’ म्हटले तर ते बाहेर राहतात. हिंदीभाषक दोन्ही ठिकाणी ‘हम’ म्हणतो. तमिळमध्ये मात्र ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा भेद मराठीसारखाच आहे. संताळीत प्रश्न आणखी एक पायरी खोल जातो. तेथे द्विवचन जिवंत आहे. त्यामुळे ‘तू आणि मी’ यासाठी एक शब्द, ‘तो आणि मी, पण तू नाही’ यासाठी दुसरा, आणि दोघांहून अधिकांसाठी पुन्हा तसेच दोन. हिंदीत एक, मराठीत दोन, संताळीत चार. एकाच वाक्याचा अनुवाद करताना व्याकरणाचा एवढा फरक उघड होतो.

परंतु या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. नमुने गोळा करणारे बहुतेक जण जिल्हा अधिकारी किंवा मिशनरी होते. ध्वनिशास्त्राचे शिक्षण घेतलेले थोडेच. शिवाय लिपी ध्वनी दाखवते तसे झाकतेही. पंजाबीचे उदाहरण घ्या. गुरुमुखीत ‘घोडा’ हा शब्द घ या अक्षराने लिहितात, पण पंजाबी माणसाच्या तोंडून तेथे घ येत नाही. क सारखा ध्वनी येतो आणि पुढील स्वर खालच्या पट्टीत उतरतो. जुना महाप्राण नाहीसा झाला आणि त्याची खूण सुरात राहिली. कागदावरचा नमुना वाचून हे कळणे अशक्य. याची जाणीव असल्यामुळेच पाहणीला जोडून भाषांच्या ध्वनिमुद्रिकाही तयार करण्यात आल्या. दोनशेहून अधिक नमुन्यांचा तो संग्रह आज अभ्यासकांना ऐकता येतो.

दुसरी मर्यादा प्रदेशाची. मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर संस्थाने या पाहणीच्या कक्षेत नव्हती. दक्षिणेतील मोठ्या भाषांची व्याकरणे तोवर लिहिली गेली होती, त्यामुळे त्यांचे फार अडले नाही. नुकसान झाले ते डोंगरातील लहान भाषांचे. त्यांपैकी एक निलगिरी पर्वतातील तोडा.

म्हशी पाळणाऱ्या तोडा समाजाची ही द्राविड भाषा सुमारे दीड हजार माणसे बोलतात. १९३५ ते १९३८ या काळात भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो भारतात राहिले आणि त्यांनी निलगिरीतील तोडा व कोटा या भाषांची नोंद केली. आपल्या वर्ध्याकडील कोलामीचाही अभ्यास त्यांनी त्याच काळात केला. तोडा भाषेने त्यांच्यासमोर ठेवलेला ध्वनींचा पसारा थक्क करणारा होता. पुढे पेरी भास्करराव आणि पीटर लॅडेफोगेड यांनी यंत्रांच्या साहाय्याने त्याची तपासणी केली. आपल्या मराठीत ‘र’ एक. तोडामध्ये जीभ थरथरवून उच्चारले जाणारे ‘र’ तीन जागी होतात: दातांच्या लगत, हिरडीच्या उंचवट्यावर आणि मूर्धन्य स्थानी, म्हणजे जेथे आपण ट किंवा ण उच्चारतो तेथे. या प्रत्येकाला पुन्हा ‘य’ची छटा असलेला जोडीदार आहे. असे सहा कंपित ध्वनी अर्थभेद करतात. एकाच्या जागी दुसरा आला की शब्द बदलतो. मानवी कान आणि जीभ किती सूक्ष्म भेद सांभाळू शकतात, या प्रश्नाचे उत्तर देताना जगभरचे ध्वनिशास्त्रज्ञ तोडाकडे बोट दाखवतात. लॅडेफोगेड २००६ साली भारतातील संशोधन दौऱ्यावरून परतताना लंडनमध्ये निवर्तले. तोवर त्यांनी जगातील शेकडो भाषांचे ध्वनी तपासले होते.

तोडा दहा हजारांच्या रेषेखाली आहे.

दुसरे उदाहरण व्याकरणाचे आणि अधिक दुःखाचे. १८५८ मध्ये इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत उभारली, तेव्हा ग्रेट अंदमान बेटांवर एकमेकींशी नाते असलेल्या दहा भाषा बोलल्या जात होत्या. रोगराई आणि संघर्ष यांनी तो समाज इतका खचला की, १९६१च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी लोकांची संख्या १९ नोंदली गेली. या भाषांतील शरीराच्या अवयवांशी निगडित उपसर्ग एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांच्याही लक्षात आले होते. परंतु त्यामागची संपूर्ण व्यवस्था दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी या शतकाच्या आरंभी, उरलेल्या मोजक्या भाषकांसोबत काम करून उलगडली.

त्यांचे निष्कर्ष असे. ग्रेट अंदमानी भाषा मानवी देहाचे सात भाग कल्पिते: तोंड आणि त्याच्याशी संबंधित गोष्टी, बाहेरचे मोठे अवयव, बोटांसारखी टोके, शरीराच्या आतील इंद्रिये, पाय आणि असेच आणखी. प्रत्येक भागाला एक लहानसा उपसर्ग. ‘रक्त’ हा शब्द तेथे एकटा उभा राहू शकत नाही. बोटातून आलेले रक्त, डोक्यावरचे रक्त आणि पोटात झालेला रक्तस्राव यांना निरनिराळे उपसर्ग लागतात. येथवर ठीक, अवयवांपुरती ही गोष्ट समजण्यासारखी आहे. पण हेच उपसर्ग क्रियापदांना आणि विशेषणांनाही लागतात. एखादी क्रिया आत घडते की बाहेर, तिचा संबंध देहाच्या कोणत्या भागाशी जोडता येईल, हे ठरवल्याखेरीज वाक्य पूर्ण होत नाही. मराठीत प्रत्येक नामाचे लिंग ठरवावे लागते. ‘झाड’ नपुंसकलिंगी का, हे कोणी विचारत नाही, पण ते ठरवल्यावाचून ‘मोठे झाड’ म्हणता येत नाही. ग्रेट अंदमानीत लिंगाच्या जागी देह आहे. व्याकरणाचा संपूर्ण सांगाडा मानवी शरीरावर बेतलेला असू शकतो, हे या भाषेने दाखवून दिले.

त्यांना शब्द सांगणाऱ्यांपैकी एक होत्या बोआ सीनियर. बो या भाषेच्या त्या शेवटच्या भाषक. २६ जानेवारी २०१० रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकेल असे कोणीही उरले नव्हते. अब्बी यांचे काम एखाद्या दशकाने लांबले असते, तर त्या व्याकरणाचा बराचसा भाग कायमचा अज्ञात राहिला असता.

तिसरे उदाहरण महाराष्ट्रातले. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात आणि लगतच्या मध्य प्रदेशात निहाली ही भाषा बोलली जाते. भाषकांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास. ग्रिअर्सन यांच्या पाहणीचा मुंडा आणि द्राविड भाषांचा खंड १९०६ मध्ये आला, त्यात स्टेन कोनो यांनी निहालीला कोरकूच्या खाली जागा दिली. तसे वाटणे स्वाभाविक होते, कारण निहालीतील पुष्कळ शब्द कोरकूचे आहेत. द्राविड आणि मराठी शब्दही विपुल आहेत. पण १९६२ मध्ये डच विद्वान एफ. बी. जे. कुइपर यांनी उसने शब्द एकेक करून बाजूला काढले, तेव्हा तळाशी असे काही शब्द उरले की त्यांचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी लागेना. निहाली आज एकाकी भाषा मानली जाते. इंडो-आर्य, द्राविड, मुंडा ही कुळे येथे स्थिरावण्यापूर्वी मध्य भारतात कोण बोलत होते आणि काय बोलत होते, या प्रश्नाचा एखादा दुवा तिच्यात असू शकेल. बोली म्हणून एकदा नोंद झाली की भाषा मरत नाही. पण ती स्वतंत्रपणे अभ्यासावी असे कोणाला वाटत नाही. निहालीची मधली अर्धी शतकभराची उपेक्षा अशीच झाली.

भाषा आणि बोली यांतील सीमा मुळातच धूसर आहे. स्वतः ग्रिअर्सन यांनी तिची तुलना डोंगर आणि टेकडी यांच्यातील भेदाशी केली होती. दोन्ही शब्द आपण वापरतो, पण टेकडी नेमकी कोठे संपते हे सांगता येत नाही. १९०५च्या मराठीच्या खंडात कोकणीला मराठीची बोली म्हणून स्थान मिळाले. १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून दाखल झाली. २०११च्या जनगणनेत हिंदी या शीर्षकाखाली भोजपुरी, मगही, छत्तीसगढी, राजस्थानी अशा पन्नासहून अधिक मातृभाषा एकत्र आहेत. त्यांपैकी एकट्या भोजपुरीचे भाषक पाच कोटींहून अधिक. म्हणजे मोठ्या भाषेलाही गटात विरून जाण्याचा धोका आहेच. फरक इतका की, तिचा आकडा तक्त्यात सापडतो. लहान भाषेचा सापडतही नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. तोडा, ग्रेट अंदमानी, निहाली ही अपवादात्मक उदाहरणे निवडली, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर एमेनो यांच्याच दुसऱ्या शोधात आहे. १९५६ मध्ये त्यांनी ‘भाषिक क्षेत्र म्हणून भारत’ या आशयाचा गाजलेला निबंध लिहिला. कुळे वेगळी असूनही शेजारी राहणाऱ्या भाषा शतकानुशतके एकमेकींचे गुण उचलतात, हे त्यांनी दाखवले. ट, ड, ण हे मूर्धन्य वर्ण तमिळमध्येही आहेत आणि मराठीतही. आपण ‘जाऊन’ म्हणतो, हिंदी ‘जाकर’, कन्नड ‘होगि’, तमिळ ‘पोय्’. वाक्ये जोडण्याची रीत एकच. आपण ‘पाणीबिणी’ म्हणतो, हिंदीभाषक ‘पानी-वानी’, तमिळ माणूस ‘पुलि-गिलि’. बाजार, यात्रा, लग्नसंबंध आणि राज्यकारभार यांत सतत एकत्र आलेल्या भाषा अशा रीतीने एकमेकींसारख्या झाल्या.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. भारतातील मोठ्या भाषांचे बरेच गुण सामायिक आहेत. एक शिकली की दुसरी निम्मी समजते. जे सामायिक झाले नाही, ते बहुधा देवाणघेवाणीच्या मुख्य प्रवाहापासून दूर राहिलेल्या भाषांत टिकले: डोंगरात, बेटांवर, जंगलात. अशा भाषा स्वाभाविकपणे लहान असतात. म्हणून भाषकसंख्येची रेषा ओढली की तिच्याखाली वैविध्याचा हिशेबापेक्षा कितीतरी मोठा वाटा जातो. भाषा मोजताना माणसे मोजणे योग्यच. पण माणसांच्या संख्येवरून भाषेतील ज्ञानाचे मोजमाप होत नाही.

लहान किंवा उपेक्षित भाषेला बळ मिळाले तर काय होते, याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. संताळी रोमन, बंगाली, ओडिया, देवनागरी अशा अनेक लिप्यांत विखुरलेली होती. शब्दाच्या अखेरीस श्वास अडवून उच्चारले जाणारे तिचे व्यंजन या लिप्यांत नीट बसत नव्हते. १९२५ मध्ये मयूरभंज संस्थानातील पंडित रघुनाथ मुर्मू यांनी ओल चिकी ही लिपी तयार केली. तीस अक्षरे, त्यांत सहा स्वर. देवनागरीप्रमाणे स्वर मात्रेच्या रूपाने व्यंजनाला चिकटत नाही, स्वतंत्र अक्षर म्हणून शेजारी उभा राहतो. आणि त्या अडवलेल्या व्यंजनांची सोय लिपीच्या रचनेतच आहे. २००३ च्या घटनादुरुस्तीने संताळी आठव्या अनुसूचीत आली, २००८ मध्ये ओल चिकीला युनिकोडमध्ये जागा मिळाली आणि ती मोबाइलवर लिहिता येऊ लागली. २०११ मध्ये संताळीचे भाषक ७३ लाखांहून अधिक होते. संताळीकडे संख्या होती हे खरे. पण लिपी, शाळा आणि मान्यता यांनी त्या संख्येला आधार दिला. तोडा वा निहालीकडे ती संख्या नाही, म्हणून त्यांना निदान अचूक नोंदीचा आधार हवा.

सरकारने या दिशेने काहीच केले नाही, असे नाही. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेमार्फत २०१३ पासून संकटग्रस्त भाषांच्या संरक्षणाची योजना चालते. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा हाच तिचा विषय. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखालील लोकभाषा सर्वेक्षणाने शासकीय यंत्रणेबाहेर राहून ७८० भाषांची नोंद केली. पण या दोन्ही प्रयत्नांना जे करता येत नाही, ते जनगणना करू शकते. देशातील प्रत्येक घरी जाऊन प्रत्येक व्यक्तीची मातृभाषा विचारणारी दुसरी यंत्रणा नाही. भाषेचे भवितव्य कळते ते तिच्या भाषकांच्या एकूण आकड्यावरून कमी आणि वयोगटांवरून अधिक. दोन हजार भाषकांत पाचशे मुले असतील तर भाषा तगेल. सारे पन्नाशीपुढचे असतील तर तिच्याकडे एका पिढीचाच अवधी आहे. ही माहिती गोळा होते, पण रेषेखालच्या भाषांसाठी ती प्रकाशात येत नाही. ज्या भाषांसाठी संरक्षणाची योजना आखली, नेमक्या त्यांचेच आकडे हाती नसावेत, ही विसंगती दूर करणे कठीण नाही. मुख्य तक्ते आज आहेत तसेच राहोत. त्यांना जोडून दहा हजारांखालील मातृभाषांची जिल्हावार आणि वयोगटवार पुरवणी प्रसिद्ध करता येईल. नोंदवलेली मूळ नावे कोणत्या भाषेत मिळवली, हेही त्यात असावे.

देशाच्या बहुतांश भागासाठी २०२७च्या गणनेची संदर्भतारीख १ मार्च आहे. तोवर विद्यार्थ्यांनी आणि विज्ञानप्रेमींनी एवढे करावे: आपल्या परिसरात वेगळी बोली बोलणारी कुटुंबे असतील, तर प्रगणकाला शेजारच्या मोठ्या भाषेचे नाव न सांगता आपल्या बोलीचेच नाव सांगा, हे त्यांना समजावून द्यावे. ते नाव पुढे गटात विलीन होईल किंवा ‘इतर’मध्ये जाईल, पण मूळ नोंदीत ते राहील. ग्रिअर्सन यांच्या खंडांकडे सव्वाशे वर्षांनंतरही अभ्यासक वळतात, ते तेथे नमुना लिहून ठेवलेला आहे म्हणून. जी भाषा नोंदलीच गेली नाही, तिच्याकडे वळायला पुढच्या अभ्यासकाला वाट राहत नाही.